क्रेनला टांगलेली सायकल

काशीपासून साडेचौदाशे किलोमीटर सायकल चालवत आलेल्या बाईला शेवटच्या टप्प्यातल्या अकरा किलोमीटरसाठी आपल्याच माणसांशी भांडावं लागलं. ही बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, अंबुबाई. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो. त्या दिवशी काय झालं ते शिळेवाडीत जो तो आपल्या सोयीनं सांगतोय. कोणी म्हणतं, बाई हट्टी आहे. कोणी म्हणतं, पोरानं एवढा थाट केला आणि हिनं चारचौघांत त्याची शोभा केली. मी सकाळपासून तिच्याबरोबर होते, म्हणून मी लिहिते. यात एक चूक माझीही आहे. तीही लिहिणार आहे, म्हणजे स्वतःचं तेवढं झाकलं असं कोणी म्हणायला नको.

आक्का लग्न होऊन वाडीत आली तेव्हा चारी बाजूंना बटाट्याची आणि बाजरीची रानं होती. पुढं कंपन्या आल्या, रानं गेली. तिचे मालक, म्हणजे आमचे भिमाजी भाऊजी, एका कंपनीत लागले. आक्का दुसऱ्या कंपनीच्या कॅन्टीनला लागली, ठेकेदाराकडे. सहाच्या ठोक्याला गेटवर हजर राहावं लागायचं. कंपनीच्या बस आमच्या वाडीवरूनच जायच्या, निम्म्या रिकाम्या. पण बस कायम कामगारांची. आक्कानं एकदा हात केला तर ड्रायव्हरनं काच खाली घेऊन सांगितलं, "मावशी, लिस्टमधी तुमचं नाव न्हाई." काच वर, बस पुढं. कंपनीला शंभर माणसांची भाकरी थापणारी बाई चालते, बसच्या मागच्या सीटवर चालत नाही. हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

आक्का तापली नाही. तिनं भावाकडून जुनी सायकल आणली. पस्तिसाव्या वर्षी, नऊवारी नेसून, घरामागच्या खळ्यावर ती सायकल शिकली. पारावरची माणसं म्हणायची, "भिमाजी, मालकीण सर्कशीत चालली का?" भाऊजी मान खाली घालून घरात यायचे. आक्का म्हणायची, "त्यास्नी हसू द्या. हसायला काय पायडल मारावं लागत न्हाई."

तेवीस वर्षं ती रोज नऊ किलोमीटर गेली आणि नऊ किलोमीटर आली. दिवाळी, पंचमी, बाळंतपण, भावकीतलं मयत, सगळं त्यात. अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा सुपरवायझरनं गेटवर सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." नारळ नाही, चहासुद्धा नाही. त्या आठवड्यात ती आमच्याकडे चिखलीला आली होती. माझी मुलगी तेजस्विनी ताथवड्याला इंजिनिअरिंग करते. तिनं सहज मोबाईलवर हिशोब केला आणि म्हणाली, "काकी, तू जेवढी सायकल चालवलीस ना, त्यात चाळीस वेळा काशीला जाऊन आली असतीस."

आक्कानं मोबाईलवरचा तो आकडा वाकून बघितला. मग म्हणाली, "आन् मी गेले कुटं? गेटापत्तुर."

काशीचं खूळ तिथं शिरलं. खूळ मी म्हणत नाही, गाव म्हणतं. पिंपळे गुरवला मारुतराव आणि मंजुळाबाई म्हणून एक जोडपं आहे. दोघं साठीच्या पुढचे, दोघंही सायकलवर लांब लांब जाणारे. तेजस्विनीनं त्यांच्याशी गाठ घालून दिली. ठरलं असं, की जाताना सायकली रेल्वेत टाकून काशीला जायचं आणि येताना चालवत यायचं. आक्कानं गंगेत बुडी मारली, गडूत पाणी भरून घेतलं आणि घाटावर उभं राहून बोलली, "आता वाडीच्या वेशीच्या मारुतीपत्तुर माझंच पायडल. मधी कंच्या मोटारीत पाय ठेवणार न्हाई." देवासमोर बोललेला शब्द. माझ्यासारख्या माणसानं त्यावर पुढं काही विचारायचं नसतं.

मारुतीपाशीच का, तेही सांगते, कारण आता शहरात वाढलेल्या मुलांना हे माहीत नसतं. आमच्याकडे काशी करून आलेलं माणूस थेट घरात शिरत नाही. वेशीवरच्या मारुतीपाशी थांबतं. घरची बाई पायावर पाणी घालते, भाकरतुकडा ओवाळून टाकते. मग मावंद्याचं जेवण होईपर्यंत मुक्काम देवळातच. गंगेचा गडू पुजला, पंगती उठल्या, की मग उंबरठा. यात्रा काशीला पूर्ण होत नाही, वेशीला होते. हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तर राग जास्त येतो.

सव्वीस दिवस ते तिघं चालवत होते. मध्य प्रदेशातल्या घाटात आक्काची साखळी तुटली, नागपूरच्या अलीकडे तिला दोन दिवस ताप आला. वाटेत लोकांनी देवळात झोपायला जागा दिली, एका ढाब्यावाल्यानं पोळ्या बांधून दिल्या. अनोळखी माणसांनी तिला कुठंच अडवलं नाही, एवढंच लक्षात ठेवा.

शेवटच्या रात्री मुक्काम शिक्रापूरला होता. तिथून मारुतराव आणि मंजुळाबाई वाघोलीच्या रस्त्यानं आपल्या घरी निघाले आणि आक्का एकटी चाकणच्या रस्त्याला लागली. त्या रस्त्यावर शेलपिंपळगावला माझं माहेर आहे. तिनं तिथं थांबून अंघोळ करायची, माहेरचं म्हणून माझ्या भावानं आणलेलं लुगडं नेसायचं आणि वेशीकडे निघायचं, असं आमचं ठरलं होतं. मी आदल्या दिवशीच जाऊन राहिले होते.

सकाळी सव्वासातला ती अंगणात आली. रापलेली, गालफडं बसलेली, पण डोळे असे की मला एकदम रडू आलं.

"काय गं केसर, मेलेय का मी, रडाया लागलीस ती?"

"आक्का, किती वाळलीस गं."

"वाळले न्हाई. हलकी झाले."

माझा भाऊ हिंदुराव सायकलकडे बघत म्हणाला, "ताई, ह्या सायकलला आता पेन्शन द्या."

"तिला कसली पेन्शन, ती बी ठेक्यावरच हाय," आक्का म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. सायकलला कुलूप लावून किल्ली तिनं माझ्या हातात दिली, गडूची पिशवी गळ्यातून काढून देवघरात ठेवली आणि अंघोळीला गेली.

आता माझी चूक.

आमचा पुतण्या अजिंक्य, भिमाजी भाऊजींच्याही थोरल्या भावाचा मुलगा, त्याच वेळी पिकअप घेऊन आला. बरोबर चार जण, मागं झेंडूच्या माळांची पोती. अजिंक्यच्या दोन क्रेन आणि एक जेसीबी भाड्यानं चालतात, प्लॉटिंगचंही काम आहे, आणि येत्या निवडणुकीला त्याला साहेबांच्या, म्हणजे तालुक्यातल्या पुढाऱ्यांच्या, पक्षाकडून उभं राहायचंय. "केसरकाकी, सायकलची किल्ली द्या," तो म्हणाला. "सजवून घेतो. काकी बघतच राहिली पाहिजे."

मला वाटलं, कौतुकानंच करतोय पोरगा. बैलपोळ्याला आपण बैल सजवतो, दसऱ्याला गाडी सजवतो. मी किल्ली दिली. इथंच, अंगणात सजवतील असं वाटलं होतं. मी आत चहा टाकायला गेले आणि बाहेर पिकअपचा आवाज आला. येऊन बघते तर अंगण मोकळं. दारात एक पांढरी मोठी गाडी उभी आणि तिचा ड्रायव्हर सांगतोय, "काकींना घेऊन या म्हणलेत दादा. साडेनऊचा कार्यक्रम हाय. साहेबांना पुढं दुसरा कार्यक्रम हाय."

आक्का हिरवं लुगडं नेसून, ओल्या केसांची गाठ मारत बाहेर आली. तिनं आधी अंगणाच्या त्या कोपऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी सांगितलं.

"किल्ली तू दिलीस?"

"आक्का, मला काय माहीत..."

"बरं," ती म्हणाली. एवढंच. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी अजिंक्यला फोन लावला. अर्ध्या तासानं, पाचव्या वेळी उचलला. मागं ढोल-ताशा वाजत होता.

"अरे, सायकल परत आण. आक्का मोटारीत बसणार नाही, तिनं गंगेवर शब्द दिलाय."

"काकी, लोड घेऊ नका. सायकल वर बांधलीय आता, खाली घ्यायला तास जाईल. फोटोग्राफर आलेत. गाडी पाठवलीय ना एसीची? तिला म्हणावं आरामात ये. चाकणच्या चौकातनं ओपन जीपमध्ये बसवून वाजतगाजत वाडीत नेतो. मान हाय तो!"

"वर बांधलीय म्हणजे कुठं?"

"या की बघायला," तो हसत म्हणाला आणि फोन ठेवला.

मान! ज्या बाईला तेवीस वर्षं बसच्या मागच्या सीटचा मान कोणी दिला नाही, तिला आता जबरदस्तीनं जीपमध्ये बसवायचा मान. तिला काय हवंय ते एकानं विचारलं नाही.

आक्कानं गडूची पिशवी गळ्यात अडकवली आणि पायात चपला सरकवल्या.

"कुठं निघालीस?"

"सायकल आणाया. त्ये काय आणून देत न्हाईत."

"चालत? अकरा किलोमीटर आहे."

"मोटारीत बसत न्हाई आन् पंख न्हाईत. मग कशी जाऊ?"

ड्रायव्हर गयावया करायला लागला. "काकी, दादा मला ओरडतील."

"तुला ओरडला तर माझं नाव सांग. आन् च्या पिऊन जा, केसरनं टाकलाय," असं म्हणून ती निघालीसुद्धा. मी तिच्यामागं. माझे गुडघे कसले आहेत ते मला माहीत, पण किल्ली मी दिली होती.

ज्यांनी तो रस्ता बघितलाय त्यांना सांगायला नको. कंटेनर एकाला एक लागून, कडेला पायाखाली माती आणि खडी. एवढ्या कंपन्या, एवढ्या गाड्या इथं तयार होतात, आणि माणसानं चालायचं कुठून, सायकलनं जायचं कुठून, हे कोणाच्या नकाशातच नाही. एक ट्रेलर इतका जवळून गेला की आक्काच्या लुगड्याचा पदर उडून माझ्या तोंडावर आला. माघाचं ऊन, तरी घामानं मी भिजले. आक्का मात्र एका चालीनं चालत होती.

"आक्का, देव समजून घेतो गं," मी म्हटलं. "बसलीस गाडीत तर पाप नाही लागणार."

"पाप लागंल म्हणून कोन चाललंय?"

"मग?"

"मी बोलले व्हते. कुनी बोलायला सांगितलं नव्हतं. माझं मीच बोलले." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "ह्या जल्मात माझं मीच ठरवलेलं हे एक काम हाय. लगीन बापानं ठरवलं, नोकरी रान गेल्यानं ठरवली, सुटी ठेकेदारानं ठरवली. हे मी ठरवलं. त्येबी अजिंक्यनं उचलून न्यावं व्हय?"

मी पदर खोचला आणि तिच्या चालीनं चालायला लागले.

ती पांढरी गाडी सगळा वेळ आमच्यामागं रांगत होती, आणि ड्रायव्हर मधून मधून हॉर्न वाजवून माफी मागितल्यासारखा हात जोडत होता.

पावणेअकराला आम्ही चौकाच्या अलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर पोचलो. मंडप, खुर्च्या, डीजे. कमानीवर फ्लेक्स. त्यावर साहेब सगळ्यांत मोठे, मग अजिंक्य हात जोडून, मग त्याचे अकरा मित्र गॉगल लावून. खाली उजव्या कोपऱ्यात आक्का, टपाल तिकिटाएवढी. तो फोटो मी ओळखला. ठेकेदाराच्या गेटपासवरचा होता. तिचा दुसरा फोटो कोणाकडे नव्हता, आणि मागायची गरजही कोणाला वाटली नव्हती.

आणि वर अजिंक्यची क्रेन. तिच्या हुकाला तीस फूट उंच झेंडूचा हार लोंबत होता, कवेत घ्यायला दोन माणसं लागतील एवढा जाड. हाराच्या मधोमध, दोरखंडानं बांधलेली, आक्काची सायकल. चाकं वाऱ्यानं आपोआप फिरत होती. खाली उभी असलेली पोरं मोबाईल वर धरून शूटिंग करत होती. मला काय वाटलं सांगू? घरातल्या माणसाला कोणी चव्हाट्यावर टांगावं तसं वाटलं.

साहेब गेले होते. पुढच्या कार्यक्रमाला. जाताना क्रेनखाली फोटो काढून गेले होते, सायकलबरोबर. सायकल चालवणारीसाठी थांबायला वेळ नव्हता, आणि खरं तर गरजही नव्हती. सत्कार तिच्याशिवाय पार पडलाच होता.

अजिंक्य धावत आला. घामाघूम, फेटा वाकडा. "काय हे काकी! किती फोन केले. साहेब पाऊण तास थांबले. माझी इज्जत गेली ना! चला, बसा जीपमध्ये, निदान मिरवणूक तरी करू."

"सायकल खाली घे," आक्का म्हणाली.

"घेतो ना. वाडीत गेल्यावर घेतो. क्रेन पुढं चालेल, सायकल अशीच वर, मागं जीपमध्ये तुम्ही..."

"आता घे."

भाऊजी तिथंच खुर्चीवर होते. त्यांना कोणीतरी भगवा फेटा बांधला होता आणि ते त्यात हरवल्यासारखे बसले होते. सव्वीस दिवसांनी नवरा-बायको भेटत होते. ते उठून जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बस की जीपमधी. पोरगं येवढं करतंय. लोक बघत्यात."

आक्कानं त्यांच्याकडे बघितलं. "तुमाला आठवतंय का, मी खळ्यावर शिकत व्हते तवाबी तुमी ह्येच म्हणला व्हतात. लोक बघत्यात."

मग भाऊजींनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि क्रेनच्या केबिनपाशी जाऊन काचेवर थाप मारली. "ए भावा, उतरव खाली."

ऑपरेटरनं अजिंक्यकडे बघितलं. अजिंक्यनं मान हलवली, नको म्हणून.

भाऊजींनी पुन्हा थाप मारली, या वेळी मोठ्यानं. "त्याच्याकडं नको बघू. सायकल माझ्या बायकोची हाय. उतरव म्हणलं ना!" चाळीस वर्षांत मी त्या माणसाचा चढा आवाज ऐकला नव्हता. डीजेवाल्यानंसुद्धा आवाज बारीक केला.

सायकल खाली आली. आक्कानं दोर सोडले, माळा तोडून बाजूला ठेवल्या, चाक फिरवून ब्रेक दाबून बघितला. पुढचं मडगार्ड दोरानं वाकलं होतं. ते तिनं हातानंच सरळ केलं. मग सायकलचं तोंड आल्या रस्त्याकडे वळवलं.

"काकी, वाडी हिकडं हाय," एक जण हसून म्हणाला.

"मला ठावं हाय वाडी कुटं हाय. शेलपिंपळगावापास्नं उचलली ना माझी सायकल? तितनंच चालू करायची."

अजिंक्यनं कपाळावर हात मारला. "अहो काकी, साडेचौदाशे किलोमीटर आलात! अकरा किलोमीटरनं काय फरक पडतो? कोण मोजतंय?"

"कुनी मोजत न्हाई, व्हय. गेटापत्तुर रोज जात व्हते तवाबी कुनी मोजत नव्हतं. म्हणून मधीच थांबत नव्हते ना मी?"

"मग आता परत अकरा जाणार, परत अकरा येणार? या उन्हात?"

"तू उचलून आणलीस, मग उलटं जावंच लागंल."

आणि ती गेली. गर्दीतून कोणीतरी टाळी वाजवली, कोणीतरी "येडी हाय" म्हणालं. मला त्या दुसऱ्याचं तोंड बघून ठेवता आलं नाही, नाहीतर इथं लिहिलं असतं.

माझा भाऊ हिंदुराव काळजीनं मोटारसायकल घेऊन मागं आलाच होता. मी त्याच्यामागं बसले, आणि आक्काच्या मागं दहा हातांवर, इंडिकेटर चालू ठेवून, आम्ही तिला राखत गेलो. हिंदुराव मागच्या कंटेनरवाल्यांना हात करून बाजूनं जायला सांगत होता. काही शिव्या देत होते. एका परप्रांतीय ड्रायव्हरनं मात्र वेग कमी केला, खिडकीतून वाकून विचारलं, "माताजी कहाँ से आ रही हैं?" हिंदुराव ओरडला, "काशी से!" त्यानं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडले. मी जीव मुठीत धरून म्हटलं, अरे बाबा, नमस्कार राहू दे, आधी हात स्टिअरिंगवर ठेव.

माहेरच्या अंगणात पोचायला सव्वाबारा झाले. माझ्या भावजयीनं पिठलं-भाकरी वाढली. आक्का अर्धी भाकरी खाऊन भिंतीला टेकून बसली. तिची पावलं सुजली होती, मी तेल चोळायला घेतलं. तिनं नको म्हटलं नाही, तेव्हा मला कळलं की ती किती दमलीय.

"आक्का, चुकले गं मी."

"व्हय, चुकलीस," ती डोळे मिटून म्हणाली. "पर चालत आलीस ना माझ्या संगं. आता चोळ नीट, नुसतं कुरवाळू नगंस."

दोनला ती उठली. अंगणाच्या त्याच कोपऱ्यात सायकल नेऊन उभी केली, जिथून ती उचलली होती. हात जोडले आणि टांग टाकली.

परतीला ती हळू होती. चढावर दोनदा उतरून ढकलत नेली. "ढकललेलं चालतं का?" हिंदुरावनं मला हळूच विचारलं. आक्काला ऐकू गेलं. "घाटात बी ढकलत आले. चाक जमिनीवर पायजे, बास." साडेतीनला चौक आला. मंडप उतरवत होते. क्रेन नव्हती, पण हार तिथंच मातीत पडला होता आणि त्यात दोन गायी तोंड घालून उभ्या होत्या. आक्कानं तिकडं बघितलंसुद्धा नाही, सिग्नल बघून सरळ तळेगाव रस्त्याला लागली. हिंदुराव तिथून पुढं निघाला. मला वेशीवर सोडून तो आक्काच्या घरून तांब्या आणि भाकरी घेऊन आला.

आमची वेस आता वेस राहिलेली नाही. एका बाजूला गोदामाची पत्र्याची भिंत, दुसऱ्या बाजूला ट्रकचा तळ, आणि मधल्या सांदीत शेंदूर लावलेला मारुती. तिथं ना डीजे ना फ्लेक्स. भाऊजी पायरी झाडून, पाणी मारून बसले होते. शेजारच्या चार-पाच बायका आल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "सकाळी आलो असतो तर साड्या वाटणार व्हते म्हणं." दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

साडेचारला आक्का आली. वळणावर आधी तिची घंटी ऐकू आली. मारुतीसमोर तिनं ब्रेक दाबला आणि एक पाय पायरीवर टेकवला. उतरताना तोल गेला, भाऊजींनी दंड धरला. मी पायावर पाणी घातलं. भाकरतुकडा तिच्यावरून ओवाळून दूर टाकला. गडू तिनं मारुतीच्या पायाशी ठेवला आणि कपाळ टेकलं. बराच वेळ टेकलेलंच होतं.

तेवढ्यात अजिंक्यची गाडी आली. तो उतरला, हातात शाल. बरोबर कॅमेरावाला. तोपर्यंत त्याचा मोबाईलवर फोटो टाकूनही झाला होता. क्रेनखाली साहेब आणि तो, वर सायकल, आणि ओळ अशी: काशीयात्री काकींचा भव्य सत्कार संपन्न. शेजारणीनं मला दाखवला. मी अजिंक्यला बोलणार होते, तोंडात आलेलं सगळं. पण आक्का उठून उभी राहिली होती.

"काकी, राग सोडा," तो म्हणाला. आवाज जरा मऊ होता, हे खरं ते लिहिते. "झालं ते झालं. फक्त एक करा. त्या वळणावर जाऊन परत एकदा सायकलवर या. दोन मिनिटं. व्हिडिओ पाहिजे येतानाचा. तुमच्याच आठवणीसाठी."

"मी आले, अजिंक्य," आक्का म्हणाली.

"हो, तेच, पण शूटिंगसाठी..."

"आले म्हणलं ना. आलेलं माणूस परत कसं येणार?"

तो शालीची घडी करत उभा राहिला. कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. आक्कानं सायकल ढकलत नेऊन देवळाच्या भिंतीला टेकवली, कुलूप लावलं, आणि या वेळी किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली.

"परवा मावंदं हाय," ती त्याला म्हणाली. "जेवाया ये. पंगतीत बसायचं, वाढायचं, पत्रावळ्या उचलायच्या. मोकळ्या हातानं ये."

मग ती पायरीवर बसली आणि तिनं भाऊजींना विचारलं, रात्री देवळात अंथरायला त्यांनी काय आणलंय.